डीप डिश पिझ्झा मधून कच्चा का राहतो, आणि हॉटेलात तो मागवायचा कसा?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडिलांच्या पंचाहत्तरीला तुम्ही सात जण इंदुरात विजयनगरच्या एका हॉटेलात डीप डिश, म्हणजे खोल पॅनमध्ये थर लावून भाजलेला जाड पिझ्झा, खायला गेलात. पन्नास मिनिटं वाट पाहिली. आला तेव्हा वरून लालबुंद, देखणा. सुरी लावली आणि टोमॅटोचं पाणी ताटभर झालं, मधले तुकडे खालून कच्चे निघाले, धाकट्याची जीभ भाजली आणि बाबा म्हणाले, "यापेक्षा दाल-बाफले खाल्ले असते तर बरं." आता आईच्या वाढदिवसाला मुलांना तोच पिझ्झा पुन्हा हवाय. हा पदार्थ असाच असतो का, परत जावं का, आणि गेलो तर काय सांगून मागवावं, असं तुम्ही विचारलंय.

मी एकवीस वर्षं ओव्हनपुढे काढली आहेत. सुरुवातीची मुंबईत, नंतरची सगळी इंदुरात. आता हॉटेलांची स्वयंपाकघरं लावून देतो आणि नव्या मुलांना शिकवतो. हा पदार्थ असा नसतो. तुम्हाला मिळाला तो चुकलेला होता आणि तो का चुकला हे तुमच्या वर्णनावरूनच बरंचसं कळतं. परत जरूर जा, फक्त जाण्याची पद्धत बदला.

बाबांच्या त्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण त्यांनी नकळत अगदी नेमकी तुलना केली. आपल्या इंदुरात पोहे कसे मिळतात? खाली वाफेचं पातेलं, वर पोह्यांची परात, अर्ध्या मिनिटात प्लेट हातात. बाफल्यांचं तसं नाही. कणकेचे गोळे आधी उकळत्या पाण्यात शिजवायचे, मग गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, मग तुपात बुडवायचे. बाफल्यांच्या पंगतीत घाई करा असं कुणी म्हणत नाही. साखळी दुकानांनी आपल्याला पिझ्झा हा पोह्यांसारखा पदार्थ आहे अशी सवय लावली. डीप डिश मात्र बाफल्यांच्या कुळातला आहे. त्याला वेळ लागतो, तो जड असतो, आणि तो रोज खायचा नसतो. हा पदार्थ मूळचा अमेरिकेतल्या शिकागोचा, आणि खुद्द तिथली माणसंसुद्धा एरवी पातळ, कुरकुरीत, चौकोनी तुकडे केलेला पिझ्झा खातात. डीप डिश पाहुणे आले की, किंवा काही निमित्त असलं की.

शिकागोचं नाव निघालं म्हणून दोन ओळी इतिहासाच्या. १९४३ साली ओहायो स्ट्रीट आणि वॉबॅश अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर आइक सीवेल आणि रिक रिकार्डो यांनी जे दुकान काढलं, ते आज पिझ्झेरिया उनो म्हणून ओळखलं जातं. डीप डिशचा उगम तिथला मानतात. पाककृती नेमकी कुणाची, यावर अजून वाद आहे. मालकांच्या नावाबरोबर तिथे काम करणाऱ्या रूडी मालनाटींचंही नाव घेतलं जातं, आणि स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या अ‍ॅलिस मे रेडमंड यांचंही. मला रेडमंडबाईंबद्दल विशेष आदर वाटतो. पुढे जिनोज ईस्ट या दुसऱ्या प्रसिद्ध दुकानाची कणीकही त्यांच्याच हाताखाली घडली. या पदार्थात सगळी किमया कणकेची आहे, वरच्या चीजची नाही, हे ज्यांनी तो रोज हाताने केला त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता ती कणीक. तुम्ही करंजी करता, तेव्हा पारीच्या पिठात कडकडीत मोहन घालता ना? मूठ वळली पाहिजे एवढं. डीप डिशच्या बेसचं रहस्य तेच आहे. नेपल्सच्या पिझ्झ्यात मैदा, पाणी, मीठ, यीस्ट एवढंच असतं, भरपूर मळलेलं. तो ४३० ते ४८० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो आणि चिवट-लुसलुशीत लागतो. डीप डिशच्या मैद्यात यीस्ट असतंच, शिवाय सढळ हाताने तेल किंवा लोणी असतं. ही चरबी पिठाच्या कणांना वेढून बसते आणि मैद्याला चिवटपणा देणाऱ्या ग्लूटेनचे लांब धागे जुळू देत नाही. मळतातही अगदी थोडं, गोळा जमेपुरतं. म्हणून कडा रबरासारखी ताणली जात नाही, खारी बिस्किटासारखी दाताखाली मोडते. हीच चांगल्या डीप डिशची पहिली खूण. कडा ओढून तोडावी लागली, तर नेहमीच्याच पिझ्झ्याची कणीक खोल भांड्यात घातली आहे असं समजा. बेसमध्ये मक्याचं पीठ असलंच पाहिजे, असं आपल्याकडचे मेन्यू छापतात, तेही खरं नाही. शिकागोतल्या कित्येक जुन्या दुकानांच्या कणकेत ते नसतं.

मग येतात थर, आणि ते उलटे असतात. काळ्या लोखंडी पॅनला तेल लावून त्यात ही कणीक बोटांनी दाबत कडेपर्यंत चढवायची. तिच्यावर थेट चीजचे काप, एकावर एक किंचित चढवून, कुठेही भोक न ठेवता. त्यावर भाज्या (शिकागोत बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचं सॉसेज असतं), आणि सगळ्यात वर टोमॅटो. कारण सरळ आहे. २२० ते २३० अंशांवर ३० ते ४० मिनिटं भाजायचं म्हटल्यावर वरचं चीज करपून काळं होईल. टोमॅटो त्याच्यावर छत्री धरतो. आणि खालचं चीज वितळून एक तुपकट अस्तर तयार होतं, जे टोमॅटोचं पाणी कणकेपर्यंत जाऊ देत नाही. चीज किसून भुरभुरवलं की या अस्तराला फटी राहतात. काप करायचा कंटाळा केलेलं स्वयंपाकघर मला पहिल्या घासाला कळतं.

तुमच्या ताटात पाणी का झालं, ते इथेच आहे. टोमॅटोत सुमारे ९५ टक्के पाणी असतं. मशरूम आणि पालकात ९० टक्क्यांहून जास्त. आपल्या बाजारातला संकरित टोमॅटो टणक असतो, दूरच्या प्रवासासाठी बरा, पण गर कमी आणि पाणी जास्त. त्याची नुसती प्युरी करून वर ओतली, तर पॅनमध्ये पिझ्झा भाजत नाही, उकडतो. डबाबंद टोमॅटो असेल तर तो हाताने कुस्करून चाळणीत निथळायला हवा. ताजा असेल तर रुंद कढईत आटवायला हवा, झाऱ्यावर घेतला तर ढीग राहिला पाहिजे इतका. मशरूम कोरड्या गरम तव्यावर परतून, त्यांचं पाणी सुटून आटल्यावरच घालायचे. पालक वाफवून घट्ट पिळायचा, आपण कोफ्त्यांसाठी दुधी पिळतो तसा. तुम्ही पालक-मशरूम-पनीर मागवला होता असं लिहिलंय. म्हणजे वर प्युरी, मध्ये दोन पाणेरी भाज्या, आणि मिठाच्या सान्निध्यात पाणी सोडणारं पनीर.

कच्चेपणाचं कारण निराळं, आणि ते मी स्वतःच्या हाताने केलेल्या चुकीतून शिकलो. बारा-एक वर्षांपूर्वी इथल्याच एका हॉटेलात मी स्वयंपाकघर सांभाळत होतो. एका जोडप्याच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस होता, मराठी कुटुंब, पंचवीस माणसं. डीप डिशचे सहा मोठे पॅन. मालकांनी सांगितलं, पाहुणे बसलेत, वीस मिनिटांत लाव. मी ओव्हन २८० वर नेला. वरून रंग झकास आला, कडा तांबूस झाल्या, पॅन टेबलावर गेले. काकूंनी स्वतः सुरी लावली आणि आतून पांढरा, ओला मैदा सुरीला चिकटून बाहेर आला. त्यांनी तक्रार केली नाही. कडेकडेचं तेवढं खाल्लं आणि सुनेला हळूच म्हणाल्या, "असू दे, कौतुकाने केलंय त्यांनी." मला त्या रात्री झोप लागली नाही. तापमान वाढवून वेळ वाचत नाही, हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण त्या वाक्याने ते अंगात भिनलं. उष्णता बाहेरून आत सरकायला तिचा वेळ घेते. आच वाढवली की फक्त बाहेरचं लवकर करपतं. दोन इंच खोल थराच्या मध्यापर्यंत पोहोचायला तिला घाई नसते.

आता तुमचे पन्नास मिनिटं गेले आणि तरी कच्चं, असं तुम्ही म्हणाल. शनिवारची रात्र होती, बरोबर? त्या दिवशी ऑर्डर भट्टीत जायलाच वीस-पंचवीस मिनिटं लागली असणार. शिवाय गर्दीत ओव्हनचं दार दर मिनिटाला उघडतं, आणि खालची दगडी फरशी, जिच्यावर पॅन बसतो, ती थंड पडत जाते. वरची हवा पुन्हा लवकर तापते, दगड तापत नाही. म्हणून वर रंग, खाली कच्चं. पॅन चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर आणखीच वाईट, कारण चकाकी उष्णता परतवते आणि काळा पॅन ती शोषून घेतो. आणि काही ठिकाणी सरकत्या पट्ट्याचा ओव्हन असतो, ज्यात पिझ्झा एका बाजूने जातो आणि सहा-आठ मिनिटांत दुसऱ्या बाजूने बाहेर येतो. पातळ पिझ्झ्यासाठी तो उत्तम. डीप डिशसाठी नाही.

म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात कळकळीचा सल्ला वेळेबद्दल आहे. आठवड्याच्या मधला दिवस घ्या, आणि सात-सव्वासातला पोहोचा. तेव्हा फरशी दुपारपासून तापलेली असते आणि दार फारसं उघडलेलं नसतं. सानंद या आपल्या इथल्या मराठी संस्थेचं नाटक सुटल्यावर रात्री साडेदहाला डीप डिश मागवू नका. तेव्हा आचाऱ्यांचं लक्ष आवराआवरीकडे असतं, त्यांचाही दिवस बारा तासांचा झालेला असतो. त्या वेळी पातळ पिझ्झा खा, किंवा सरळ सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात जा.

दुपारीच फोन करा. विचारा, "डीप डिशला किती वेळ लागतो?" पंधरा मिनिटं असं उत्तर आलं तर समजा, बेस आधी अर्धा भाजून ठेवलेला आहे किंवा तो पदार्थ डीप डिश नाही. बेस आधी भाजून ठेवणं हा गुन्हा नाही. त्याच दिवशी भाजलेला असेल तर चांगला लागतो, कालचा असेल तर चीज आणि बेस यांची फारकत होते, वरचा थर घसरून येतो. पाऊण तास असं प्रामाणिक उत्तर देणाऱ्या जागेवर माझा जास्त विश्वास बसतो. मग सांगा, आम्ही सव्वासातला बसणार, पॅन पावणेआठला टेबलावर हवा. चांगला शेफ असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकावर खूश होतो.

मेन्यूवरच्या नावांनी गोंधळू नका. पॅन पिझ्झा म्हणजे फुगलेली, तेलात तळल्यासारखी भाजलेली जाड पोळी, चीज नेहमीसारखं वर. चीज बर्स्ट म्हणजे बेसच्या पोटात पातळ चीज. स्टफ्ड हा डीप डिशचा धाकटा भाऊ, शिकागोतच सत्तरच्या दशकात आलेला, त्यात चीजवर कणकेचा आणखी एक पातळ पापुद्रा असतो आणि त्यावर टोमॅटो. तो आणखी जड. कुल्हड पिझ्झा हा गमतीचा खाऊ आहे, मुलांना द्या, पण त्याचा याच्याशी संबंध नाही.

आकाराचं गणित मात्र नीट बघा, इथे बहुतेक कुटुंबं चुकतात. सात जण म्हणून तुम्ही १२ इंची एक मागवला. त्याऐवजी ९ इंची दोन मागवा. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. १२ चा वर्ग १४४, ९ चा ८१, दोन पॅनचे १६२. म्हणजे खायला जास्त मिळतं, आणि त्याहून महत्त्वाचं, लहान पॅनचा मध्य कडेपासून जवळ असल्यामुळे तो नीट भाजतो. खुसखुशीत कडाही जास्त जणांच्या वाट्याला येते. दोन चवी घेता येतात. सहा-सहा तुकडे केले तर बारा होतात. मोठ्या माणसाला दीड-दोन तुकडे पुरेत. आधी गार्लिक ब्रेड मागवून पोट भरू नका, साधी कोशिंबिरीसारखी लिंबू पिळलेली काकडी-टोमॅटोची प्लेट पुरे.

टॉपिंग कमी ठेवा. दोन, फार तर तीन. सिमला मिरची आणि कांदा, किंवा मका आणि ऑलिव्ह, असं काहीतरी कमी पाणी सोडणारं. पालक-मशरूम हवंच असेल तर फोनवर विचारा की ते आधी परतून घेता का. तुमच्या काकूंसाठी कांदा-लसूण नको असं तुम्ही लिहिलंय. टॉपिंगमधून कांदा काढला की झालं, असं समजू नका, सॉसमध्ये लसूण सकाळीच शिजलेला असतो. म्हणून दुपारच्या फोनमध्येच सांगा, म्हणजे एका पॅनपुरता सॉस वेगळा काढता येतो. आणि शाकाहारी घरांनी आणखी एक गोष्ट विचारावी. वरून भुरभुरायचं अस्सल इटालियन पार्मिजानो चीज वासराच्या पोटातून काढलेल्या रेनेटने विरजलेलं असतं, त्याच्या नियमातच ते आहे. आपल्याकडच्या हिरव्या ठिपक्याच्या मोझरेलात तसं नसतं. हिरवा ठिपका आहे का, एवढं विचारलं की पुरतं. विचारायला संकोच करू नका, सांगणं हे आमचं कामच आहे.

पॅन टेबलावर आला की मुलांना थोपवा. ही आठ-दहा मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. भट्टीतून निघाल्यावर चीज पातळ रस असतं. निवता निवता ते घट्ट होतं आणि थर एकमेकांना धरतात. लगेच कापला तर उत्तम भाजलेला पिझ्झाही वाहून जातो, आणि मला वाटतं तुमच्या त्या पाण्यात थोडा वाटा घाईचाही होता. वाढपी लगेच कापायला लागला तर त्याला प्रेमाने सांगा, भाऊ, थोडं थांबू दे. जीभ भाजते ती टोमॅटोमुळे. पाणेरी सॉस उष्णता धरून ठेवतो आणि त्याच्याखाली झाकलेलं चीज निवत नाही. मुलांच्या ताटात तुकडा वाढल्यावर तो मधून उघडून ठेवा.

पहिला तुकडा मोडणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पसरट उलथनं थेट तळापर्यंत घालून कडेच्या बाजूने उचला. आणि हा हाताने घडी घालून खायचा पदार्थ नाही. काटा-सुरी घ्या, टोकाकडून कडेकडे या, कडा शेवटी. कडेला टोमॅटोचा ओलावा पोचलेला नसतो, म्हणून ती शेवटपर्यंत खुसखुशीत राहते.

पहिला तुकडा काढला की तो उलटून तळ बघा. तांबूस-सोनेरी, ठिपक्याठिपक्यांचा, बोटाने टकटक केली तर कोरडा आवाज. हे जमलं असेल तर बाकी किरकोळ गोष्टी माफ. बेसच्या वरच्या बाजूला, जिथे चीज टेकतं, तिथे पातळशी ओलसर रेघ नेहमीच असते. ती कच्चेपणाची खूण नव्हे, बाबांनाही सांगा. कच्चा म्हणजे तळ पांढरा, दाबला तर बोटाला चिकटणारा, मैद्याचा वास येणारा. तसं असेल तर पहिल्या तुकड्यालाच परत पाठवा, संकोच न करता. आणि नेमकं सांगा, मायक्रोवेव्हमध्ये नको, पॅन ओव्हनच्या फरशीवर ठेवून आठ-दहा मिनिटं द्या. अर्धा खाऊन झाल्यावर सांगितलं तर आम्हाला काही दुरुस्त करता येत नाही.

जिरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरतात तो आपला इंदुरी आंबटसर मसाला, घालावं का, असं तुमच्या मोठ्या मुलाने विचारलंय. घाल, पण आधी एक घास तसाच खा. टोमॅटोवर जिरावण घातलं की आंबटावर आंबट होतं. कडेच्या खुसखुशीत भागावर चिमूटभर भुरभुरलं तर मात्र फार छान लागतं, मी स्वतः तसं खातो. सोबत गोड कोल्ड्रिंक नको, गॅसने पोट फुगतं आणि दुसरा तुकडा जात नाही. साधं पाणी किंवा लिंबू-सोडा. आपली इंदुरी शिकंजी दुधाची आणि दाट, ती दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

उरलेलं घरी आणलंत तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. सकाळी बिडाच्या तव्यावर, अगदी मंद आचेवर, झाकण ठेवून आठ-दहा मिनिटं. तळ पुन्हा कुरकुरीत होतो आणि थर बसलेले असल्यामुळे तुकडा रात्रीपेक्षा सुबक निघतो.

तर आईंच्या वाढदिवसाची ऑर्डर अशी द्या. ९ इंची दोन. पहिला सिमला मिरची, कांदा आणि मका. दुसरा काकूंसाठी, बिनलसणाच्या सॉसचा, पनीर आणि ऑलिव्ह, वरून पार्मिजान न घालता. पनीर आधी परतून घ्यायला सांगा. एक प्लेट काकडी-टोमॅटो. बुधवार किंवा गुरुवार, सव्वासात. आणि बाबांना कडेचा तुकडा द्या, आधी हाताने मोडून बघायला सांगा. करंजीच्या पारीसारखा मोडला, तर ते पुढचा तुकडा स्वतःहून मागतील.